कुनमिंगचं नवं शहर: रुंद रस्ते, लांब भिंती आणि पायी जाणाऱ्याचा वळसा

पाऊलवाट

बरेच दिवस लिहीन म्हणत होते. मागच्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी म्हणालं, "चीनकडे बघा, तिथे आधी रस्ते होतात आणि मग वस्ती येते." वाचलं आणि राहवलं नाही. रस्ते आधी झालेल्या अशाच एका शहरात मी २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं राहिले आहे, तीही वाहतूक नियोजन शिकायला. तेव्हा जे रोज पायाखाली होतं ते लिहिते.

शहर कुनमिंग, युन्नान प्रांताची राजधानी. उंची सुमारे १,९०० मीटर. कडाक्याची थंडी नाही, रखरखीत उन्हाळा नाही, म्हणून चिनी लोक त्याला वसंतनगरी म्हणतात. दक्षिणेला दियानची नावाचा तीनेकशे चौरस किलोमीटरचा तलाव आहे आणि जुनं शहर त्याच्या उत्तर टोकाशी दाटलेलं. २०१० च्या जनगणनेत कुनमिंगची लोकसंख्या ६४ लाख होती, २०२० मध्ये ८४ लाखांच्या वर गेली. हा आकडा आजूबाजूच्या तालुक्यांसकट आहे, पण वाढीचा जोर कळायला पुरेसा आहे.

जुन्या शहरात एवढी माणसं मावणार नाहीत हे दिसत होतंच. २००३ मध्ये ठरलं की तलावाच्या भोवतीने नवं कुनमिंग वसवायचं. त्यातला सर्वांत मोठा डाव लागला पूर्व काठावरच्या चेंगगाँगवर. तोवर हा भाजीपाल्याचा आणि फुलांचा तालुका होता. तिथे विद्यापीठं हलवली, महापालिकेचा कारभार हलवला, २०११ मध्ये तालुक्याचा शहरी जिल्हा केला. आणि या सगळ्याच्या आधी, शेतांवरून, सरळ रेघांचे प्रचंड रुंद रस्ते ओढले.

मी राहायचे ते अशाच दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका श्याओछूमध्ये. श्याओछू म्हणजे कुंपण घातलेली निवासी वसाहत. आमची वसाहत एका संपूर्ण चौकोनाची होती, साधारण पाचशे मीटर बाय पाचशे मीटर, म्हणजे पंचवीस हेक्टर. आत बाग, तळं, मुलांची घसरगुंडी, सगळं नेटकं. बाहेर चारी बाजूंना लोखंडी गजांचं कुंपण. दारं चार काढलेली होती, पण रोजच्या वापरात एकच, पश्चिमेचं.

माझी इमारत पूर्वेच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे भाजीबाजार. माझ्या खिडकीतून टोमॅटोचा रंग दिसायचा. सरळ रेषेत अंतर असेल ७० मीटर. चालत जायचं तर आधी आतून पश्चिमेच्या दाराशी, मग बाहेरून उत्तरेचा कोपरा, मग पूर्वेचा कोपरा, मग खाली बाजारापर्यंत. १,४०० मीटर. एका जुडीसाठी येऊन जाऊन पावणेतीन किलोमीटर.

लोकांनी काय केलं असेल ते ओळखा. पूर्वेच्या कुंपणाचे दोन गज वाकवले. माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट. व्यवस्थापनाने ती वेल्डिंग करून बुजवली. दहा-बारा दिवसांत पुन्हा वाकली. माझ्या तीन वर्षांत हे किती वेळा झालं, मोजणं सोडून दिलं. आमच्या मजल्यावरच्या आजींना मात्र आडवं होऊन निघणं जमायचं नाही. त्या चाकांची पिशवी घेऊन कुंपणापर्यंत जायच्या आणि हाक मारायच्या. पलीकडची भाजीवाली रस्ता ओलांडून यायची, गजांमधून मुळा, पात, पावसाळ्यात रानातली अळंबी आत द्यायची. पैशांसाठी तिने मोबाइलने स्कॅन करायचा तो चौकोनी कोड प्लास्टिकमध्ये घालून आमच्या बाजूच्या गजाला बांधून ठेवला होता.

मला या शहराबद्दल जे सांगायचंय ते सगळं त्या कोडच्या चिठ्ठीत आहे. रस्त्यांचं जाळं जोडलेलं आहे की नाही हे रुंदीवरून आणि किलोमीटरवरून कळत नाही. पायी निघालेल्या माणसाला किती वळसा पडतो, यावरून कळतं. आणि शहर पसरतं ते केवळ दूर बांधलं म्हणून पसरत नाही. जवळचंही दूर करून ठेवलं की तिथेच पसरतं.

तुमच्यापैकी कुणी नकाशांवर काम करत असेल, कुणी तिथे राहिलं असेल, तर लिहा.

---

ओंजळ

ताई, मी राहिले आहे! २०१२ ते २०१७, एमबीबीएससाठी. आमचं कॉलेज चेंगगाँगलाच होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा परदेशी वर्तमानपत्रं त्याला भुताचं शहर म्हणत होती आणि रात्री खरंच तसं वाटायचं. वीस-वीस मजली इमारती आणि उजेड चार खिडक्यांत. रस्ते मात्र झगझगीत, दिवे ओळीने, आणि रस्त्यावर कुणीच नाही.

आम्ही सहा मराठी मुलं होतो. पहिल्या वर्षी जुन्या शहरात जायचं म्हणजे बसने सगळा दिवस मोडायचा. २०१३ मध्ये मेट्रोचा दक्षिणेचा तुकडा सुरू झाला, पण तो शहराच्या कडेलाच संपायचा. २०१४ मध्ये गाडी थेट मध्यातून उत्तरेपर्यंत जायला लागली आणि आमचं जगच बदललं. रविवारी छुईहू तलावावर जायचो. हिवाळ्यात तिथे सैबेरियातून कुरव पक्षी येतात, १९८५ पासून दरवर्षी. लोक हातावर पाव ठेवून उभे असतात. जवळच्या वनलिन गल्लीत एका दुकानात मीश्येन खायचो (तांदळाच्या शेवया), तिथून गल्लीगल्लीतून कुठेही निघायचं. हरवलो तरी भीती वाटायची नाही, कारण दर शंभर पावलांवर कुठली तरी वाट फुटायची.

चेंगगाँगला हरवायची सोयच नव्हती, सगळं सरळ आणि काटकोनात. पण थकायला व्हायचं. मेट्रोच्या स्टेशनपासून वसतिगृह दिसायचं आणि तरी पंचवीस मिनिटं लागायची.

---

नकाशावाला

पाऊलवाटताई, अतिशय मोलाचं लिहिलंत. मी जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांच्या क्षेत्रात) काम करतो, म्हणून मोजणीच्या बाजूने थोडं.

जोडलेपण मोजायची एक रूढ पद्धत म्हणजे रस्त्याचे दुवे (दोन चौकांमधला एकेक तुकडा) भागिले चौक. झाडाच्या फांद्यांसारखं, शेवट बंद असलेलं जाळं असेल तर उत्तर १ च्या आसपास येतं. बुद्धिबळाच्या पटासारखं जाळं असेल तर २ च्या जवळ. अमेरिकेतल्या पसरलेल्या उपनगरांची जी ओरड असते, बंद गल्ल्यांची, ती या आकड्यात लगेच पकडली जाते.

पण चेंगगाँगला हे माप लावलं तर काय होईल? सार्वजनिक रस्ते सगळे चौकातून चौकात जाणारे, बंद टोक जवळजवळ नाहीच. म्हणजे आकडा २ च्या जवळ. कागदावर पहिल्या वर्गात पास! माप खोटं बोलत नाही, फक्त ते जाळ्याचा आकार बघतं, जाळीचं छिद्र केवढं आहे ते बघत नाही.

छिद्र बघायचं असेल तर साधा हिशेब आहे, कुणीही वहीत करू शकतं. समान चौकोनांचं जाळं धरा.

रस्ते ५०० मीटरवर: दर चौरस किलोमीटरला ४ किलोमीटर रस्ता, ४ चौक.
रस्ते २५० मीटरवर: ८ किलोमीटर रस्ता, १६ चौक.
रस्ते १०० मीटरवर: २० किलोमीटर रस्ता, १०० चौक.

बार्सिलोनाचा एकोणिसाव्या शतकात आखलेला विस्तार १३३ मीटरच्या जाळीचा आहे, तिथे ५६ चौक येतात. अंतर अर्धं केलं की रस्ता दुप्पट होतो, पण चौक चौपट होतात. आणि माणूस वळतो चौकात.

लोक म्हणतात, जास्त रस्ते म्हणजे जास्त जमीन जाणार. तोही हिशेब करून बघा. ५०० मीटरवर ६० मीटर रुंद रस्ते घातले तर चौकातली दुहेरी मोजणी वजा करूनही बावीस टक्क्यांवर जमीन रस्त्यात जाते. २५० मीटरवर २० मीटर रुंद घातले तर पंधरा-सोळा टक्के. कमी जमिनीत चौपट चौक.

आता ताईंच्या वसाहतीबद्दल. सरळ अंतर ७०, चालायचं अंतर १,४००. वळशाचं गुणोत्तर २०. चांगल्या जुन्या पेठेत हे १.२ ते १.४ असतं. मी दहा-बारा वर्षांत ठिकाणांच्या हजारो जोड्या मोजल्या असतील, २० हा आकडा बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा बघितलाय, आणि बहुतेक वेळा मध्ये नदी किंवा रेल्वेमार्ग होता.

---

सचिव_ब_विंग

मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती मनापासून मांडतो. मी आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सचिव आहे. कुंपण लोकांना हवं असतं. आत मुलं सायकल चालवतात, म्हातारी माणसं संध्याकाळी फिरतात, कुणी भरधाव गाडी घेऊन येत नाही. नकाशावाला म्हणतात तशी दाट जाळी करायला पंचवीस हेक्टरच्या मधून चार रस्ते काढले तर त्या बागेचं काय होणार? चीनमध्ये ज्यांनी तिथे घरं घेतली त्यांनी आयुष्याची पुंजी घातली असेल. त्यांना विचारलं होतं का?

---

पाऊलवाट

सचिवकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे. नेमका हाच प्रश्न फेब्रुवारी २०१६ मध्ये चीनभर पेटला होता आणि मी तेव्हा तिथेच होते.

झालं असं, की कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती आणि राज्य परिषद (तिथलं केंद्रीय मंत्रिमंडळ) यांनी मिळून शहरनियोजनाबद्दल मार्गदर्शक सूचनापत्र काढलं. त्यात म्हटलं होतं, रस्ते अरुंद आणि जाळं दाट करा. नव्या बंदिस्त वसाहती सहसा बांधू नका. आणि बांधून झालेल्या वसाहती व जुनी कार्यालयीन संकुलं हळूहळू खुली करा. २०२० पर्यंत शहरांत रस्त्यांची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला ८ किलोमीटर करायची आणि रस्त्यांखालची जमीन १५ टक्क्यांवर न्यायची, असं लक्ष्य होतं. (नकाशावाला, हे दोन आकडे एकत्र वाचा. १५ टक्के भागिले ८ म्हणजे सरासरी रुंदी १९ मीटरच्या आत येते. ज्याने हे लिहिलं त्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं.)

त्यातलं शेवटचं वाक्य, बांधलेल्या वसाहती खुल्या करण्याचं, लोकांना लागलं. आमच्या लिफ्टमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २००७ च्या मालमत्ता कायद्यात वसाहतीच्या आतले रस्ते हे घरमालकांच्या सामाईक मालकीचे आहेत असं स्पष्ट लिहिलं होतं. त्या रस्त्यांचा खर्च घराच्या किमतीत आम्हीच भरलाय, देखभालीचे पैसे दर महिन्याला आम्हीच भरतो, मग ते सार्वजनिक कसे, असं लोक विचारत होते, आणि बरोबर विचारत होते. सरकारकडून लगेच खुलासा झाला की हळूहळू करू, कायद्याने करू, सरसकट भिंती पाडणार नाही. बांधून झालेल्या वसाहती पुढे बऱ्याचशा तशाच राहिल्या.

म्हणून माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आमच्या आजींना कुणी बाग मोडून रस्ता काढून नको होता. त्यांना पूर्वेला एक फाटक हवं होतं. दोन मीटर रुंद, फक्त पायी आणि सायकलला. एका फाटकाने १,४०० चे शंभर मीटर झाले असते. बांधून झालेल्या शहरात रस्ता घुसवणं महाग आणि दुखरं असतं, फाटक स्वस्त असतं. ते बंद का असायचं? कारण प्रत्येक फाटकाला तीन पाळ्यांचे रखवालदार लागतात आणि तो पगार देखभालीच्या पैशातून जातो. एवढं साधं कारण. काका, तुम्ही सचिव आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मुलांच्या सुरक्षेचं म्हणाल तर आत ती सुरक्षित होती, खरंच होती. पण शाळा कुंपणाबाहेर होती. सात पदरी रस्त्यापलीकडे.

---

सचिव_ब_विंग

पगाराचं पटलं. आमच्याकडेही मागचं दार याच कारणाने बंद केलं आहे, मागच्या वाडीतल्या बायका कामाला येतात त्यांना पुढून यावं लागतं. हे मी कधी अंतर म्हणून मोजलं नव्हतं. उद्या मोजतो.

---

आराखडा

नगररचना खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. २००९ मध्ये एका अभ्यासदौऱ्यात चीनमधली तीन शहरं पाहिली, त्यात कुनमिंग होतं. पाऊलवाट, तू लिहिलंस त्याच्या मागे जमिनीचा व्यवहार आहे, त्याबद्दल लिहितो, कारण तो समजल्याशिवाय एवढे मोठे चौकोन का पडतात हे कळत नाही.

पहिला थर १९५० च्या दशकातला. दानवेई म्हणजे कामाचं ठिकाण: कारखाना, विद्यापीठ, कार्यालय. घर, दवाखाना, पाळणाघर, खानावळ, सगळं त्याच आवारात आणि आवाराला भिंत. सोव्हिएत पद्धतीच्या मोठ्या निवासी तुकड्यांची आखणीही त्याच काळात आली. त्यामुळे भिंतीच्या आतलं जग ही कल्पना नव्या बिल्डरांनी आणलेली नाही, ती लोकांच्या सवयीची होती. १९९८ मध्ये दानवेईकडून घर मिळणं बंद झालं आणि घर विकत घ्यायचं झालं, पण भिंत राहिली.

दुसरा थर पैशाचा. शहरातली जमीन सरकारच्या मालकीची, विकला जातो तो वापराचा हक्क, निवासासाठी ७० वर्षांचा. १९९४ च्या करसुधारणेत महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला आणि खर्च शहरांच्या गळ्यात राहिला. शहरांनी मग जमिनीच्या हक्कांचे लिलाव करून तिजोरी भरली. लिलावाला मोठा तुकडा सोयीचा: एकच व्यवहार, एकच बिल्डर, आणि आतले रस्ते, दिवे, गटारं त्याच्या खर्चाने. शहराने फक्त भोवतीचे चार मोठे रस्ते करायचे. रुंद रस्त्याने जमिनीचा भावही चढतो. छोटे छोटे तुकडे पाडायचे तर मधले सगळे रस्ते महापालिकेला करावे लागतील आणि आयुष्यभर सांभाळावे लागतील.

तिसरा थर उन्हाचा. पुष्कळ जण फेंगशुई म्हणतात, पण मुख्य कारण नियमांत आहे. हिवाळ्यातल्या ठरावीक दिवशी घरात ठरावीक तास ऊन आलंच पाहिजे, असा तिथे नियम आहे. म्हणून इमारती दक्षिणेकडे तोंड करून समांतर रांगांत उभ्या राहतात आणि दोन रांगांत मोठं अंतर सोडावं लागतं. मोठ्या तुकड्यात हे सहज बसतं, लहान चौकोनात रस्त्याला लागून इमारत बसवताना घाम फुटतो.

आपल्याकडे काही जण याची तुलना पुण्याच्या कडेच्या गावांशी करतात. मी सांगतो, रोग दिसायला एकसारखा, कारण उलटं. आपल्याकडे आराखड्यात रस्ता असतो आणि जमीन ताब्यात येत नाही, म्हणून जाळं तुटतं. तिकडे जमीन पूर्ण ताब्यात होती, हवं तसं जाळं विणता येत होतं, आणि तरी जाळी एवढी मोठी ठेवली. मला तेव्हा हळहळ वाटली होती ती याचीच.

---

पाऊलवाट

आराखडासर, शिरसाष्टांग. हे मला वर्गात दोन सत्रं शिकवूनही एवढं स्पष्ट झालं नव्हतं.

चेंगगाँगचं एक पान अजून आहे, तुमच्या दौऱ्यानंतरचं. २०१० च्या सुमारास एनर्जी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने कॅलथॉर्प असोसिएट्स या अमेरिकन नियोजकांनी चेंगगाँगच्या मध्यभागाची नव्याने आखणी केली. कल्पना अशी की मोठ्या चौकोनाचे लहान तुकडे करायचे आणि एका अजस्र रस्त्याऐवजी शेजारशेजारचे दोन अरुंद एकदिशा रस्ते घ्यायचे. वाहनं तेवढीच वाहतात, पण पायी माणसाला एका वेळी एकाच दिशेची वाहतूक बघावी लागते आणि सिग्नलही लवकर बदलतो.

हा शेवटचा मुद्दा कागदावर लहान वाटतो. आमच्या समोरचा रस्ता मी पावलांनी मोजला होता, फुटपाथ ते फुटपाथ ६० मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला पन्नास सेकंद. आजी सेकंदाला जेमतेम ०.८ चालायच्या, म्हणजे पंचाहत्तर. हिरवा दिवा तेवढा टिकायचा नाही. त्या मधल्या दुभाजकावर थांबायच्या, एका हाताने झाड धरून, दोन्हीकडून गाड्या. पुढचा हिरवा यायला तीन मिनिटं. घाईच्या वेळी तिथे विजेवरच्या दुचाकींची एवढी गर्दी व्हायची की दुभाजकावर उभं राहायलाही जागा नसे.

पण नवी आखणी आली तेव्हा मोठे रस्ते आधीच पडलेले होते. मोठ्या जाळीच्या आत लहान जाळी विणायची होती. लहान चौकोन जिथे झालेत तिथे मी संध्याकाळी मुद्दाम फिरायला जायचे. तळमजल्यावर दुकानं, दोन मिनिटांत चौक. फरक अंगाला कळतो.

---

मावळातला_शेतकरी

मी तळेगावकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब लावतो. धागा रस्त्यांचा आहे, पण चेंगगाँग वाचलं आणि थांबलो. दौनानचा फुलबाजार तोच ना? आशियातला सर्वांत मोठा म्हणतात. आमच्यातले दोघे बघून आलेत. तिथला माल रात्री येतो आणि सकाळी विमानात असतो म्हणे. मग एवढ्या मोठ्या रस्त्यांचा त्यांना फायदाच झाला असेल ना?

---

पाऊलवाट

हो दादा, तोच. १९८० च्या दशकात दौनान गावातल्या शेतकऱ्यांनी भाजीच्या वाफ्यात ग्लॅडिओलस लावून सुरुवात केली आणि आज तिथे डच पद्धतीचा घड्याळाचा लिलाव चालतो. किंमत वरून खाली येते आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल.

रुंद रस्त्यांचा फायदा झाला, अगदी खरं. ट्रकला, विमानतळाला, २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दक्षिण स्थानकाच्या वेगवान गाड्यांना. माझा रुंद रस्त्याला विरोध नाही. शहराला काही कणखर रस्ते लागतातच. पण दौनानच्या बाजारात मी रात्री गेले आहे. ट्रकमधून उतरलेला माल आत हलतो तो तीनचाकीवर आणि दुचाकीच्या मागे बांधून, फुलांच्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या. ती तीनचाकी गल्लीतून गल्लीत जाते म्हणून तासाभरात बाजार रिकामा होतो. दौनान जुनं गाव आहे, त्याच्या गल्ल्या कुणी नगररचनाकाराने आखलेल्या नाहीत.

कुनमिंगमध्ये अशी शहराने गिळलेली तीनशेहून जास्त गावं होती. २००८ पासून ती पाडून नव्याने बांधायची मोहीम निघाली. तिथली घरं कोंदट होती, आग लागली तर बंब आत शिरणार नाही अशी, मी त्यांचे गोडवे गाणार नाही. पण शहरात नव्याने आलेला माणूस पहिलं भाडं तिथेच भरू शकायचा आणि कामावर चालत जाऊ शकायचा. ती गेली तिथे मोठे चौकोन आले.

---

ओंजळ

दौनानच्या त्या रात्री! आम्ही निरोपसमारंभाला तिथूनच फुलं आणली होती. गुलाबाच्या पाकळ्यांचं सारण भरलेली बिस्किटं पण.

एक विचारते. २०२० मध्ये मी भारतात परत आलेली होते, पण तिथली मैत्रीण सांगायची की साथीच्या काळात प्रत्येक वसाहतीचं एकच दार उघडं ठेवायचे, ताप बघून आणि पास बघूनच आत. तेव्हा लोकांना कुंपणाचा आधार वाटला असेल ना? आता फाटकं उघडा म्हणणं अजून अवघड झालं असेल.

---

आराखडा

ओंजळ, हा मोठा मुद्दा आहे. भिंत होती म्हणूनच एका दारावर दोन माणसं बसवून हजारो कुटुंबांची ये-जा थांबवता आली. गल्ल्यांच्या शहरात हे एवढं सहज जमत नाही. कुणाला त्यात आधार दिसेल, कुणाला धाक. नियोजकाने एवढं लक्षात ठेवावं की जाळ्याला जितकी कमी तोंडं, तितकं ते बंद करणं सोपं.

नियम मात्र बदलले आहेत. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या निवासी क्षेत्राच्या राष्ट्रीय मानकात जुनी श्याओछूची पायरी काढून टाकली. त्याजागी चालत पंधरा, दहा आणि पाच मिनिटांची वर्तुळं आली, आणि सर्वांत लहान निवासी तुकडा दोन ते चार हेक्टरचा. रस्त्यांमधलं अंतर ३०० मीटरच्या वर नको, शक्यतो १५० ते २५०. पाऊलवाटच्या पंचवीस हेक्टरशी ताडून बघा.

---

नकाशावाला

त्याच वर्षी चीनच्या नगरनियोजन अकादमीने प्रमुख शहरांच्या रस्ताघनतेचा अहवाल काढला होता. सरासरी सहाच्या खाली. आठचं लक्ष्य गाठलेली शहरं तीनच: शेनझेन, श्यामेन आणि छंगतू. नवं मानक नव्या जमिनीला लागू होतं, पडलेले रस्ते जागचे हलत नाहीत. इमारत पन्नास वर्षांनी पाडतात, रस्त्याची रेघ शतकं राहते.

आणि एक अडचण सांगतो, म्हणजे कुणी घाईने नकाशा काढून निष्कर्ष काढणार नाही. चीनमधले नकाशे जीसीजे-०२ या सरकारी निर्देशांक पद्धतीत असतात. त्यात प्रत्येक बिंदू मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेला असतो. उपग्रहचित्रावर रस्ता ठेवला तर तो इमारतीच्या डोक्यावरून जातो. शिवाय परवानगीशिवाय मोजणी करणं तिथे बेकायदा आहे, त्यामुळे ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर) वसाहतींचं आतलं जाळं कुठे आहे, कुठे कोरं. आतला रस्ता काढलेला असेल तर संगणक समजतो की जाता येतं. फाटक बंद आहे हे त्याला कोण सांगणार? म्हणजे आतले रस्ते धरले तर शहर खोटंच जोडलेलं दिसतं, वगळले तर खोटंच रिकामं दिसतं. खरं जाळं फाटकांच्या वेळापत्रकात आहे.

म्हणून ताई, मी तुमच्या वर्णनावरून तुमचा एक चौकोन माझ्यापुरता वहीवर उतरवलाय. पाचशे बाय पाचशे, पश्चिमेचं दार उघडं, बाकी तीन बंद. सव्वाशे काल्पनिक घरं आत टाकली आणि प्रत्येकाला बाजारापर्यंत चालवलं. सरासरी वळसा चारच्या जवळ आला. तुमच्यासारखी पूर्वेच्या कडेची घरं सोडली तर बाकीच्यांना एवढं जाणवत नसेल, म्हणूनच बैठकीत फाटकाचा ठराव पास होत नसेल. पूर्वेला एक फाटक उघडलं की सरासरी दीडच्या खाली येते.

आता ती वाकवलेल्या गजांची फटही घालायची आहे. नक्की कुठे होती?

---

पाऊलवाट

पूर्वेचं कुंपण, उत्तरेच्या कोपऱ्यापासून मोजत आलात की रोहित्राची हिरवी पेटी लागते, तिच्या पुढचा तिसरा खांब. ठरावाचं बरोबर ओळखलंत, दोनदा आला आणि दोनदा पडला. रेघ काढा तिथे. आजींसाठी काढू नका, त्यांना ती पार होत नव्हती. त्यांच्यासाठी फक्त भाजीची ये-जा दाखवा.

---

नकाशावाला

काढली. तुटक रेघेने, आणि शेजारी लिहिलंय: माणूस आडवा, पिशवी नाही.